परदेशातली नोकरी : तिकिटाआधी व्हिसा वाचा

मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली की घरात आनंदाबरोबर धावपळही सुरू होते. पण या धावपळीत सगळ्यात महत्त्वाचा कागद नीट वाचायचा राहून गेला, तर आयुष्यभराची पुंजी आणि मुलाचे भवितव्य दोन्ही पणाला लागतात.

२०२३ ची दिवाळी. बडोद्याहून मी ताईकडे चिंचवडला गेले होते. पाडव्याच्या दिवशी दुपारी जेवणे आटोपल्यावर ताईने कपाटातून लाल मखमलीची डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत तिच्या पाटल्या होत्या, लग्नात आईने घातलेल्या.

"मोडायच्या आहेत गं," ती म्हणाली. "याचं जर्मनीचं काम झालंय. एजंटला साडेतीन लाख द्यायचेत. निम्मे या आठवड्यात."

भाचा शेजारीच बसला होता. वय सव्वीस. दहावीनंतर इलेक्ट्रिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि त्यानंतर भोसरीच्या एका कारखान्यात पाच वर्षे मशीनच्या देखभालीचे काम. मुलगा कष्टाळू, हाताला कसब आहे. मला कौतुकच वाटले. पण मी आयुष्यभर बँकेत कागद तपासण्याचे काम केलेले. सवयीने विचारले, "कागद दाखव बघू."

त्याने आणलेल्या फाइलमध्ये एका कंपनीचे गुळगुळीत पत्र होते. त्यावर पगाराचा आकडा होता, पण पत्ता अर्धवट होता. आणि अर्जाच्या नमुन्यावर प्रवासाचा हेतू म्हणून लिहिले होते, 'पर्यटन'.

"मावशी, ते सुरुवातीला तसंच असतं," भाचा म्हणाला. "तिथे पोहोचल्यावर वर्क परमिटमध्ये बदलून देतात. एजंट म्हणाला, सगळे असेच जातात."

त्या दिवशी डबी पुन्हा कपाटात गेली. पुढची दीड-दोन वर्षे आम्ही मावशी-भाच्याने या विषयाचा जो अभ्यास केला, तो आज वाचकांपुढे ठेवते आहे. कारण साडेतीन लाखांची ती फाइल आज कितीतरी घरांत फिरत असेल.

पर्यटक म्हणून जाऊन नोकरी?

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. व्हिसा म्हणजे नुसती विमानतळाबाहेर पडण्याची परवानगी नव्हे. आपण त्या देशात काय करायला येत आहोत, याबद्दल त्या देशाशी झालेला तो करार असतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा पर्यटक व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. त्यावर नोकरी करता येत नाही. आणि तिथे गेल्यावर तो नोकरीच्या परवान्यात बदलून घ्यायचा म्हटले, तर भारतीय नागरिकाला साधारणपणे परत येऊन नव्याने अर्ज करावा लागतो.

मग 'सगळे असेच जातात' त्यांचे काय होते? ते बेकायदा कामगार होतात. पगार ठरल्यापेक्षा कमी मिळाला तरी तक्रार करायची सोय नाही, आजारी पडले तर विमा नाही आणि पकडले गेले तर परत पाठवणी. शिवाय पुढची काही वर्षे पुन्हा प्रवेश नाही. अर्जात खोटा हेतू लिहिला, ही नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी आडवी येऊ शकते.

२०२२ मध्ये तर याहून भयंकर प्रकार उघडकीस आले. थायलंडमध्ये संगणकावरच्या नोकऱ्या असल्याच्या जाहिराती वाचून गेलेल्या भारतीय तरुणांना तिथून म्यानमारमध्ये नेऊन डांबण्यात आले आणि त्यांच्याकडून लोकांना फसवण्याची कामे करून घेण्यात आली. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल जाहीर इशारे द्यावे लागले. ही मुले शिकलेली होती. त्यांच्या हातातला कागद मात्र कुणी वाचला नव्हता.

कोणता देश, कोणते दार?

'फॉरेन' हा एक देश नाही. प्रत्येक देशाचे दार वेगळे आणि त्या दाराची किल्लीही वेगळी. ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील. पहिल्या प्रकारात आधी नोकरी मिळते, मालक आपल्यासाठी अर्ज करतो किंवा हमी देतो आणि मग व्हिसा मिळतो. दुसऱ्या प्रकारात वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजून सरकारच आपल्याला निवडते. तिसऱ्यात ठरावीक काळ तिथे राहून नोकरी शोधण्याची मुभा मिळते.

अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसा पहिल्या प्रकारातला. वर्षाला ८५,००० नव्या जागांची मर्यादा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे आधी निवडीची चाळणी लागते. अर्ज कंपनीनेच करायचा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकेबाहेरच्या व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा आपल्याकडच्या किती घरांत त्या रात्री झोप लागली नसेल! एका सहीने नियम बदलू शकतात, हा धडा त्यातून घ्यायचा.

ब्रिटनमध्येही सरकारी परवाना असलेल्या मालकाकडून प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र लागते. २२ जुलै २०२५ पासून तिथे नियम बरेच कडक झाले. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी काम साधारणपणे पदवीच्या पातळीचे हवे आणि सर्वसाधारण पगाराची किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली. वृद्धांची काळजी घेणाऱ्या सेवकांची परदेशातून होणारी नवी भरतीही त्याच दिवशी बंद झाली. म्हणजे 'केअर होममध्ये लावून देतो' असे आज कुणी म्हणत असेल, तर त्याला दारातूनच निरोप द्यावा.

कॅनडाची एक्स्प्रेस एन्ट्री ही २०१५ पासूनची गुणांची पद्धत. वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वयाला मिळतात, पुढे ते उतरत जातात आणि पंचेचाळिशीनंतर शून्य होतात. पूर्वी नोकरीचे पत्र दाखवले की जादा गुण मिळत. त्यामुळे अशा पत्रांचा बाजारच भरला होता. मार्च २०२५ मध्ये ते गुण काढून टाकण्यात आले. ऑस्ट्रेलियातही गुणांवर आधारित व्हिसासाठी किमान ६५ गुण आणि पंचेचाळिशीच्या आतले वय लागते, आणि आपल्या व्यवसायाची तपासणी तिथल्या अधिकृत संस्थेकडून आधी करून घ्यावी लागते.

आखाती देशांची गोष्ट आणखी निराळी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शेरा असतो. अशा व्यक्तीला ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून परवानगी घ्यावी लागते. ही कटकट वाटते, पण तिच्यात संरक्षण आहे. या वाटेने जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा मिळतो. पर्यटक म्हणून गुपचूप गेलेल्याला यातले काहीच मिळत नाही.

आम्ही जर्मनीच का धरली?

भाच्याचे मन जर्मनीवर होते आणि अभ्यास केल्यावर मलाही ते पटले. त्याच्याकडे पदवी नाही, हातातले कौशल्य आहे. पदवीचाच आग्रह धरणारी दारे त्याच्यासाठी बंदच होती. जर्मनीत मात्र कारागीर, तंत्रज्ञ, परिचारिका यांना वेगळा मान आणि वेगळी वाट आहे. तिथली पिढी म्हातारी होते आहे आणि काम करणारे हात कमी पडताहेत.

भारताने आणि जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतराबाबतचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी १०,००० कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला. ही बातमी आली त्या दिवशी भाच्याचा फोन आला, "मावशी, आता तर सरकारच पाठवणार!" मी म्हटले, "राजा, करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. तुझी पात्रता तुलाच सिद्ध करायची आहे."

जर्मनीच्या चार वाटा

पहिली वाट ब्लू कार्डची. ही मुख्यतः पदवीधरांसाठी. नोकरीचा करार हातात हवा आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर हवा. २०२५ साठी ही मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. ज्या व्यवसायांत माणसांची टंचाई आहे त्यांच्यासाठी आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ती ४३,७५९ युरो ८० सेंट होती. हा आकडा दरवर्षी बदलतो, तेव्हा अर्जाच्या वेळचा पाहावा. जर्मन भाषेची बी-वन पातळी गाठली तर २१ महिन्यांत आणि ए-वनच असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पती किंवा पत्नीला सोबत येण्यासाठी आधी जर्मन शिकण्याची सक्ती नाही.

दुसरी वाट मान्यताप्राप्त कुशल कामगाराची. आपले शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या बरोबरीचे आहे असा निर्वाळा मिळाला आणि नोकरीचा करार असला की हा परवाना मिळतो. डॉक्टर, परिचारिका यांच्यासारख्या नियंत्रित व्यवसायांत हा निर्वाळा अनिवार्य आहे. तो नसेल तर त्या पदावर कामच करता येत नाही.

तिसरी वाट मान्यता भागीदारीची. ती मार्च २०२४ मध्ये खुली झाली. आपल्याकडचे किमान दोन वर्षांचे, सरकारमान्य व्यवसायशिक्षण किंवा पदवी, जर्मनची ए-टू पातळी आणि नोकरीचा करार असेल, तर आधी तिथे जाऊन कामाला लागता येते आणि मान्यतेचे काम तिथे राहून पूर्ण करता येते. मालकाने त्यासाठी वेळ आणि सहकार्य देण्याचे कबूल करायचे असते. परवाना सुरुवातीला साधारण एक वर्षाचा असतो आणि तीन वर्षांपर्यंत वाढवता येतो.

चौथी वाट चान्सेनकार्टे, म्हणजे संधीपत्र. १ जून २०२४ पासून ते मिळू लागले. नोकरी हातात नसतानाही एक वर्षापर्यंत जर्मनीत राहून ती शोधता येते. त्या काळात आठवड्याला २० तास काम करता येते. मूळ पात्रता म्हणून आपल्या देशात मान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण आणि जर्मनची ए-वन किंवा इंग्रजीची बी-टू पातळी हवी. त्यावर किमान सहा गुण लागतात.

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भाच्याचे गुण मोजले. वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव, तीन गुण. जर्मनची ए-टू पातळी गाठली की एक गुण. झाले की सहा! त्याने टाळी दिली.

मग मी पुढची ओळ वाचली. वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. २०२४ मध्ये ती महिन्याला १,०२७ युरो होती, म्हणजे वर्षाला १२,३२४ युरो. त्या वेळच्या भावाने सुमारे अकरा लाख रुपये. २०२५ मध्ये हाच आकडा महिन्याला १,०९१ युरो झाला. हे पैसे गोठवलेल्या खात्यात ठेवतात आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते.

ताई एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने भाऊजी म्हणाले, "घरावर काढू कर्ज." भाचाच म्हणाला, "नको बाबा. वर्षभरात नोकरी लागली नाही तर? हप्ते तुम्ही भरणार?" त्या क्षणी मला जाणवले की पोरगा मोठा झाला. गुण भरत होते, पण ती वाट आमच्या घराची नव्हती. आम्ही तिसरी वाट निवडली. आधी भाषा, मग नोकरी आणि मगच व्हिसा.

वाचकांनाही हेच सांगावेसे वाटते. ज्या वाटेवर सगळ्यात जास्त गर्दी, ती आपली वाट असेलच असे नाही. आपले शिक्षण, वय, भाषा आणि घरची ऐपत या चारही गोष्टींना झेपेल ती आपली वाट.

कागदांची पूर्वतयारी

नोकरी मिळण्याआधीच बरीच कामे घरबसल्या सुरू करता येतात. त्यात पहिले काम नावाचे. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. एका ठिकाणी मधले नाव आहे तर दुसरीकडे नाही. कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. लग्न झालेल्या मुलींचे तर विचारूच नका. शिक्षणाचे कागद माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटली तर त्याची चूक म्हणता येणार नाही. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला, गरज पडल्यास राजपत्रातली नाव बदलल्याची नोंद, हे आधीच करून ठेवावे.

दुसरे काम शिक्षणाच्या मान्यतेचे. पदवीधरांनी आपले विद्यापीठ आणि पदवी जर्मन सरकारच्या 'अनाबिन' या माहितीसंग्रहात कशी नोंदली आहे ते पाहावे. तिथे स्पष्ट नोंद नसेल तर बॉनमधील 'झेडएबी' या कार्यालयाकडून पदवीच्या तुलनेचे प्रमाणपत्र मागवावे लागते. डिप्लोमा, आयटीआय झालेल्यांचे शिक्षण भारतात सरकारमान्य आहे याचा दाखलाही हेच कार्यालय देते. औद्योगिक व्यवसायांच्या पूर्ण मान्यतेसाठी न्यूरेंबर्गमधील 'आयएचके फोसा' ही संस्था आहे. मान्यता 'अंशतः' आली तर घाबरून जाऊ नये. कुठल्या विषयांत उणीव आहे ते त्या पत्रात लिहिलेले असते आणि ती भरून काढता येते.

तिसरे काम अनुभवाच्या दाखल्यांचे. आपल्याकडे कंपन्या 'अमुक ते अमुक काळ काम केले, वर्तणूक चांगली' एवढ्या दोन ओळी देतात. मान्यतेसाठी त्या पुरत नाहीत. कोणत्या यंत्रांवर काम केले, कोणती जबाबदारी होती, हे तपशिलात हवे. भाच्याने त्याच्या साहेबांना तीनदा भेटून असा दाखला लिहून घेतला. हे काम नोकरी सोडण्याआधी करावे. नंतर कुणी दारात उभे करत नाही.

चौथे आणि सगळ्यात अवघड काम भाषेचे. भाच्याने पुण्यात जर्मनचा वर्ग लावला. पहाटेची पाळी, दुपारी झोप, संध्याकाळी वर्ग. पहिल्या परीक्षेत बोलण्याच्या भागात तो अडखळला आणि घरी येऊन म्हणाला, "मला नाही जमणार." ताईनेच त्याला सांगितले, "पाटल्या मोडून तुला पाठवलं असतं, तर तिथे जाऊनही हेच म्हणाला असतास." दुसऱ्या वेळी तो पास झाला. परिचारिकांना तर व्हिसासाठी बी-वन आणि पुढे मान्यतेसाठी साधारण बी-टू पातळी लागते. पण त्यांच्यासाठी जर्मन सरकारी संस्थांचा 'ट्रिपल विन' हा कार्यक्रम आहे. त्यात भाषा शिकवण्यापासून नोकरी मिळेपर्यंतची मदत होते आणि उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही.

पगाराचा आकडा आणि हातातला पैसा

२०२४ च्या अखेरीस दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावातल्या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने भाच्याची पडद्यावरून मुलाखत घेतली. दोन मुलाखतींनंतर करार आला. सगळ्यांनी पगाराच्या आकड्याला नव्वदने गुणले आणि घरात आनंदीआनंद झाला!

पण तो आकडा कापण्याआधीचा होता. जर्मनीत अविवाहित माणसाच्या पगारातून कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेकारी विमा असे सगळे मिळून साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून थोडे अधिक जाते. घरभाड्याचेही दोन आकडे असतात, 'थंड' आणि 'गरम'. थंड म्हणजे नुसत्या जागेचे भाडे. गरम म्हणजे त्यात घर उबदार ठेवण्याचा आणि इतर सामायिक खर्च मिळवलेला. जाहिरातीत थंड आकडा पाहून हरखून जाऊ नये.

करारात या गोष्टी शोधाव्यात : पगार ढोबळ की निव्वळ, आठवड्याचे तास, रजा, चाचणीचा काळ, राहण्याची सोय कोण करणार आणि नोकरी मध्येच सोडली तर काही रक्कम परत द्यायची अट आहे का. शेवटची अट बारीक अक्षरांत लपलेली असते. एक दिलासा असा की नोकरीच्या बहुतेक व्हिसांसाठी तिथली सरकारी रोजगार संस्था पगार आणि कामाच्या अटी स्थानिक माणसाच्या तोडीच्या आहेत का हे तपासते.

प्रत्यक्ष अर्ज

जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे शुल्क ७५ युरो आहे. साडेतीन लाखांची मागणी आणि ७५ युरो! हा फरक मी ताईला कागदावर लिहून दाखवला. भाषांतरे, परीक्षा, मान्यता यांचा खर्च वेगळा असतोच, पण प्रत्येकाची पावती मिळते.

जानेवारी २०२५ पासून हा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. कागद आधी तिथे तपासले जातात आणि मग मूळ कागदपत्रे व बोटांचे ठसे देण्यासाठी जावे लागते. आपण ज्या भागात राहतो त्या भागाच्या वकिलातीकडेच अर्ज करायचा असतो. मालकाला घाई असेल तर तो तिथल्या कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. पण ही विनंती मालकाकडूनच गेली पाहिजे.

अर्जात एकही गोष्ट लपवू नये. पूर्वी कुठल्या देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर तसे लिहावे. नोकरीत वर्षभराचा खंड असेल तर त्याचे कारण सांगावे. खंड पडल्याने अर्ज बुडत नाही, तो लपवल्याने बुडतो. आणखी एक बदल लक्षात घ्या. पूर्वी व्हिसा नाकारला तर वकिलातीकडेच फेरविचाराची विनंती करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात दाद मागायची. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण आणि निर्दोष हवा.

एजंट हवा की नको?

सगळेच एजंट वाईट नसतात. पण चांगला कसा ओळखायचा? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरभरती करणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक जाहिरातीत असावा आणि ई-मायग्रेटच्या यादीत तो पडताळून पाहावा. या कायद्याखालील नियमांनी उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा घातली आहे. त्यापुढचे पैसे मागणाऱ्याला पावती मागा. बहुतेक वेळा बोलणे तिथेच संपते.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे चार नियम फ्रिजवर चिकटवून ठेवावेत :

• व्हिसाची हमी कुणीच देऊ शकत नाही. जो देतो तो खोटे बोलतो.

• मूळ प्रमाणपत्रे आणि पासपोर्ट एजंटच्या ताब्यात ठेवायला देऊ नयेत.

• कोऱ्या किंवा न वाचलेल्या अर्जावर सही करू नये. अर्ज कुणीही भरला तरी जबाबदारी सही करणाऱ्याची.

• व्हिसा हातात आल्यावर त्यावरचा प्रकार, मुदत आणि कामाबद्दलचा शेरा वाचावा. तोपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये.

शेवटी

२०२५ च्या उन्हाळ्यात भाचा गेला. सोप्पे काहीच नाही. थंडी आहे, एकटेपणा आहे, गावातल्या लोकांची बोली वर्गात शिकलेल्या जर्मनपेक्षा निराळी आहे. मान्यतेसाठी अजून अभ्यास चालू आहे. पण महिन्याच्या पगाराची चिठ्ठी त्याच्या नावाची आहे, विम्याचे कार्ड त्याच्या खिशात आहे आणि पोलीस समोरून आला तर त्याला रस्ता बदलावा लागत नाही.

त्याच एजंटकडे पैसे भरलेला, भाच्याच्या कारखान्यातला एक मुलगा चार महिन्यांत परत आला. त्याच्या वडिलांनी शेताचा तुकडा विकला होता. तो मुलगा भाच्यापेक्षा कमी हुशार होता असे मुळीच नाही. त्याच्या घरी त्या दिवशी कागद मागणारे कुणी नव्हते, एवढेच.

परवा ताईचा फोन आला. भाच्याने पहिल्यांदाच घरी पैसे पाठवले होते. "काय करू गं या पैशांचं?" तिने विचारले. मी म्हटले, "त्याच्या नावानं ठेव बँकेत." ती हसली. फोनमधून पाटल्यांची किणकिण ऐकू आली.